बाग मे महिन्यात मोजावी

जून-जुलैमध्ये आपल्याकडे जो तो माळी होतो. पहिला दमदार पाऊस झाला की नर्सरीत गर्दी उसळते. स्कूटरवर पायाशी गुलाबाची कुंडी, मागे बसलेल्या मुलाच्या मांडीवर मोगरा, हँडलला अडकवलेल्या पिशवीत तुळस आणि मनी प्लांट. गच्च्या हिरव्या होतात, फोटो निघतात, मोबाइलवरून नातेवाइकांना जातात. त्याच गच्च्यांवर एप्रिल संपताना जाऊन बघावं. निम्म्या कुंड्यांत काड्या उभ्या असतात, माती कडा सोडून आत आक्रसलेली असते आणि घरमालक म्हणतात, "काय करणार मॅडम, पाणीच नाही."

पाणी नाही हे खरं आहे. पण मेमध्ये पाणी कमी असतं हे जुलैमध्येही ठाऊक होतंच की! आपल्या बागा मरतात त्या हिशेब न केल्यामुळे. माझं म्हणणं साधं आहे. घरात किती झाडं असावीत हे पावसाळ्यात ठरवू नये, मे महिन्यात ठरवावं. आणि ते ठरवताना पिण्याचं पाणी धरायचंच नाही. घरात एकदा वापरून झालेलं पाणी जितकं, तितकीच बाग.

मी लातूरची. पाण्याविषयी बोलताना आमच्या शहराचा माणूस जरा कंजूष वाटतो, त्याला कारण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली. मग मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी पोचली. दहा वॅगन आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. लग्नाचं वऱ्हाड बघायला जावं तशी माणसं ती गाडी बघायला गेली होती. त्या उन्हाळ्यात कुंडीतल्या झाडाला घागरीतलं पाणी घालणं म्हणजे घरच्यांच्या तोंडचं काढून देणं होतं. आमच्या गल्लीत तेव्हा जी झाडं वाचली ती कोणी लाड केलेली नव्हती. कुंपणाची मेंदी, कोरफड, बोगनवेल, शेवगा, मशिदीजवळचा कडुनिंब. गुलाब आणि शेवंती गेली. हिरवळीचे तुकडे तर महिन्याभरात नाहीसे झाले.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात एक प्रश्न ऐकू येतो. माणसांना पाणी नाही आणि तुम्हाला झाडं सुचतात? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या समोरच्या घरी रोज संध्याकाळी पाइप लावून अंगण, गाडी आणि कुंड्या अशी सगळ्यांची एकत्र आंघोळ चालते. माझ्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईंच्या वस्तीत आठवड्यातून एकदा टँकर येतो. एकदा त्या पाइपाकडे बघून म्हणाल्या, "भाभी, तुमच्या गल्लीत झाडं बी दोन टाइम आंघोळ करायलेत." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण बोलणं बरोबर होतं. ज्या शहरात एकीकडे घागरींची रांग आहे तिथे नळाच्या पाण्यावर हिरवळ पोसणं हा छंद राहत नाही, दुसऱ्याच्या वाट्यावर हात पडतो.

पण म्हणून झाडंच नकोत, या निष्कर्षाला मी तयार नाही. पश्चिमेच्या भिंतीवर वेल असलेल्या खोलीत आणि नसलेल्या खोलीत दुपारी चारला बसून बघा. पत्र्याच्या घराला दारातल्या शेवग्याची सावली काय देते ते त्या घरातल्या बाईला विचारा. आमची शहरं सिमेंटची झाली आहेत. दिवसभर तापलेली गच्ची रात्री बारापर्यंत उष्णता ओकत राहते. अशा ठिकाणी घराभोवती थोडा पाला असणं ही चैन नाही. ती बाग कोणत्या पाण्यावर जगते, एवढाच वादाचा मुद्दा आहे.

आता हिशेब. दहा-बारा इंची कुंडी अर्धवट सावलीत असेल आणि मातीवर आच्छादन असेल, तर मेमध्ये तिला दिवसाला साधारण एक लिटर पाणी पुरतं. उघड्या उन्हात जास्त लागतं. म्हणजे वीस कुंड्यांना वीस लिटर, एक मोठी बादली. ही बादली नळाखाली न धरता भरते का, ते बघायचं.

आमच्या घरात ती वुजूवर बरीचशी भरते. वुजू म्हणजे नमाजआधी हात, तोंड, पाय धुणं. त्यात साबण नसतो. चार माणसांच्या घरात, कामाला आणि मशिदीत जाणारे वजा करून, घरी दिवसाला बारा-तेरा वेळा वुजू होतं. नळ सोडून केलं तर एका वुजूला पाच-सहा लिटर सहज वाहून जातात. लोट्याने केलं तर लिटर-सव्वा लिटरमध्ये नीट होतं. हदीसमध्ये एका मुद्द पाण्यात वुजू केल्याचा उल्लेख आहे. मुद्द म्हणजे आजच्या मापाने पाऊण ते एक लिटर. वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी वुजूला पाणी उधळू नका, ही शिकवण तर मदरशात जाणाऱ्या लहान मुलालाही पाठ असते. पाठ असते आणि नळ मात्र पूर्ण सोडलेला असतो! लोटा घ्या, खाली रुंद टब ठेवा, त्यावर पाट टाकून बसा. संध्याकाळपर्यंत बारा-पंधरा लिटर पाणी जमा होतं.

वयस्कर बायका हमखास विचारतात, वापरलेलं पाणी झाडाला चालतं का? हनफी फिक्हनुसार एकदा वापरलेल्या पाण्याने पुन्हा वुजू होत नाही, पण ते पाणी नापाक नसतं. झाडाला नमाज पढायची नाही, त्याला तहान भागवायची आहे. फक्त चूळ भरलेलं पाणी पुदिना-कोथिंबिरीसारख्या कच्च्या खायच्या पानांवर ओतू नये, मोगऱ्याला किंवा मेंदीला घालावं. आमच्या शेजारच्या काकू देवांना आंघोळ घातलेलं पाणी तुळशीत ओततात. एकदा वापरलेलं पाणी झाडापर्यंत नेण्याची रीत दोन्ही घरांत आहे. तिचा आवाका थोडा वाढवायचा आहे.

उरलेलं पाणी स्वयंपाकघर देतं. तांदूळ, डाळ, भाजी, फळं धुतलेलं पाणी दिवसाला सहा-सात लिटर निघतं आणि ते झाडांना सगळ्यात चांगलं. मात्र ते त्याच दिवशी वापरावं, साठवलं की आंबतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात. कपडे धुण्याच्या मशीनचं पहिलं, फेसाचं पाणी झाडांना नको. पावडरीतल्या सोड्याने माती घट्ट आणि खारट होते. शेवटच्या खळबळीचं पाणी जमिनीतल्या मोठ्या झाडांना, केळीला, बोगनवेलीला द्यायला हरकत नाही, पालेभाजीला देऊ नये. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राच्या बाजूच्या नळीतलं पाणी अनेक जण पुण्यकर्म समजून कुंड्यांना घालतात. आमच्याकडे बोअरचं पाणी आधीच जड. त्यातले क्षार या उरलेल्या पाण्यात आणखी दाट होतात. महिनाभरात कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो आणि पानांच्या कडा करपतात. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला ठेवावं. कूलरच्या टाकीत तळाला उरलेल्या पाण्याचंही तेच.

पाणी किती लागतं हे आपण किती वाया घालवतो यावर ठरतं. यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय आच्छादन. कुंडीतली माती उघडी ठेवू नका. वाळका पाला, नारळाच्या शेंड्या, शेंगांची टरफलं, उसाचं पाचट, जे हाताशी असेल ते दोन-तीन इंच पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका. आमच्या भागात सोयाबीनचं भुसकट मिळतं, तेही चालतं. आच्छादन घातलेल्या सावलीतल्या कुंडीला दिवसाआड पाणी दिलं तरी भागतं. माझ्याकडे मोठ्या कुंड्यांना असंच देते.

दुसरा उपाय म्हणजे जागा बदलणं. मार्चच्या शेवटी गच्चीच्या कठड्यावर ओळीने मांडलेल्या कुंड्या खाली उतरवा. पूर्वेच्या भिंतीशी, जिथे दुपारनंतर सावली येते, तिथे त्यांचा एकमेकींना चिकटून घोळका करा. मोठी झाडं बाहेरच्या बाजूला, लहान आत. खाली विटा किंवा लाकडी फळी घाला, म्हणजे फरशीची धग मुळांना लागत नाही. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या सर्वांत जास्त तापतात, त्यांना बाहेरून जुनं गोणपाट गुंडाळा किंवा चुना फासा. हिरवी जाळी घ्यायची तर निम्मं ऊन अडवणारी पुरते. ती चारही कोपऱ्यांना पक्की बांधा. मेमध्ये वळवाचं वारं सुटलं की सैल जाळी कुंड्यांसकट पाडते. जाळी नसेल तर दोरीवर जुनी सुती ओढणी किंवा चादर ताणली तरी दुपार निभावते.

पाणी सकाळी लवकर द्यावं. आमच्या घरी फजरनंतर देतात, तुम्ही उठल्या उठल्या द्या. सकाळी जमत नसेल तर मगरिबनंतर, फरशी थोडी निवल्यावर. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चहाइतकं गरम असतं, ते थेट मुळाशी ओतू नये. भर दुपारी पानं मलूल दिसली म्हणून तांब्या घेऊन धावू नका. पुष्कळ झाडं उन्हापुरती मान टाकतात आणि संध्याकाळी आपोआप उभी राहतात. बोट मातीत दोन इंच खुपसा. ओल लागली तर थांबा. उन्हाळ्यात जास्त पाण्यानेही मुळं कुजून झाडं मरतात आणि घरचे समजतात की उन्हाने मेलं.

गावी जाण्याचा प्रश्न उन्हाळ्यातच येतो. पाण्याने भरलेली बादली कुंड्यांपेक्षा थोडी उंच ठेवा. जाड सुती दोरीचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीतल्या मातीत खोल पुरा. दोरी आधी भिजवून घ्या. चार-पाच दिवस निघतात. जमिनीतल्या झाडासाठी पाझरणारा जुना माठ फेकू नका. तो झाडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि वर झाकण ठेवा. माठातून मुळांना हवं तेवढंच पाणी झिरपतं. झाकण विसरू नये, कारण डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. कुंड्यांखालच्या थाळ्या, पक्ष्यांचं पाण्याचं भांडं, पाणी साठवायचे ड्रम यांनाही हेच लागू. पक्ष्यांचं पाणी रोज बदला, बाकीचं आठवड्यातून एकदा रिकामं करून घासून कोरडं करा. आठ-आठ दिवसांचं पाणी साठवणाऱ्या आमच्यासारख्या शहरांत हा बागेइतकाच घरच्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

काही गोष्टी या दोन महिन्यांत अजिबात करू नयेत. कुंडी बदलू नका. मोठी छाटणी करू नका, पानांचीच सावली फांद्यांना असते. रासायनिक खत घालू नका, कोरड्या मातीत ते मुळं जाळतं. नवीन झाड आणू नका, नर्सरीत ते जाळीखाली वाढलेलं असतं आणि तुमच्या गच्चीवर आठ दिवसांत कोळपतं. कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी आणि जास्वंदीवर पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण येतो. संध्याकाळी पानं खालच्या बाजूने पाण्याने पुसा. एवढ्याने भागलं नाही तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब पातळ साबण घालून फवारा.

मग लावायचं काय? जे मेमध्ये टिकतं ते. मेंदी, शेवगा, कढीपत्ता, कोरफड, सदाफुली, गोकर्ण, बोगनवेल, चिनी गुलाब. मोगऱ्याला ऊन आवडतं, तो याच दिवसांत फुलतो, फक्त त्याची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत उरकलेली असावी. खाण्यासाठी गवार, भेंडी, चवळी आणि राजगिरा फेब्रुवारी-मार्चमध्ये लावले तर उन्हाळा काढतात. पश्चिमेच्या खिडकीवर दोडका किंवा मायाळूचा वेल चढवला तर भाजीही मिळते आणि पडदाही. पुदिना सावलीत, सिंकजवळच्या खिडकीत ठेवा, भाज्या धुतलेल्या पाण्यावर तो खुशाल वाढतो आणि सरबताला रोज कामी येतो. कोथिंबिरीचा मेमधला हट्ट मात्र सोडावा. उगवलीच तर लगेच फुलोऱ्यावर येते.

शाळेत काम करते म्हणून आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. शाळांमधलं वृक्षारोपण जुलैमध्ये होतं. पाहुणे येतात, खड्डे आधीच खणलेले असतात, बॅनर लागतं. पण झाड खऱ्या अर्थाने लागतं ते पुढच्या मेमध्ये, आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप आणि नवे पाहुणे! आमच्या वर्गात मुलं घरी जाताना बाटलीतलं उरलेलं पाणी दाराजवळच्या बादलीत ओततात. पन्नासेक बाटल्यांचे घोट-घोट मिळून रोज बादलीचा चांगला भाग भरतो. एप्रिलअखेर प्रत्येक कुंडी एकेका मुलाच्या घरी सुट्टीला जाते. कुंडीवर मुलाचं नाव, आणि एक अट, नळाचं पाणी घालायचं नाही. जूनमध्ये बहुतेक कुंड्या परत येतात, काहींचं झाड वाढून येतं. एका मुलीने मराठीच्या वहीत लिहून आणलं होतं की तिच्या आजीने आता लोट्याने वुजू सुरू केलं आहे, झाडाला कमी पडू नये म्हणून. शंभर पोस्टरांनी ते घडलं नसतं.

घरात जे जमतं ते मशिदीत जमायला हवं. जुम्याच्या दिवशी एका मशिदीत शेकडो माणसं वुजू करतात आणि ते बिनसाबणाचं पाणी सरळ गटारात जातं. वुजूखान्याच्या पन्हळीला एक नळी जोडून ते बाहेरच्या चार झाडांकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवायला फार मोठा खर्च येत नाही. विश्वस्तांना विचारायला तर काहीच लागत नाही. मंगल कार्यालयात जारमधलं अर्धवट पाणी ओतून देतात, मंदिरात अभिषेकाचं पाणी वाहतं, सोसायट्यांमध्ये टाकी भरून ओसंडते. प्रत्येकाच्या दारात एक तरी झाड त्या पाण्याची वाट बघत उभं असेल.

या आठवड्यात एक काम करा. तीन दिवस घरातलं वापरलेलं स्वच्छ पाणी एका बादलीत जमवा आणि रोज किती लिटर होतं ते चिठ्ठीवर लिहा. खाली आपल्या कुंड्या मोजून लिहा. कुंड्या जास्त भरल्या तर त्या मरायची वाट बघू नका. ज्याच्याकडे जमीन आणि विहीर आहे अशा माणसाला आताच देऊन टाका, देताना वाईट वाटलं तरी. ती चिठ्ठी पर्समध्ये जपून ठेवा आणि जूनमध्ये नर्सरीत जाल तेव्हा काढून बघा. आकडा आधीच भरलेला असेल तर नुसता मोगऱ्याचा वास घेऊन परत या.